आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरण

आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरण ही पेटंटासाठी आलेले अर्ज आणि मंजूर झालेली पेटंटे (एकस्वे) यांची तांत्रिक विषयानुसार विभागणी करणारी जागतिक पद्धती आहे. या पद्धतीनुसार प्रत्येक दस्तऐवजाला अक्षरे व अंक यांनी बनलेले एक किंवा अधिक संकेत दिले जातात. १९७१ च्या स्ट्रासबुर्ग करारावर ही पद्धती आधारलेली असून तिचा कारभार जिनिव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटना पाहते. आठ विभागांत पसरलेल्या या वर्गीकरणात ७०,००० हून अधिक नोंदी आहेत आणि दरवर्षी तिची नवी आवृत्ती १ जानेवारीपासून अमलात येते.

संकेतामुळे कोणालाही कायदेशीर हक्क मिळत नाही किंवा कोणाचा हक्क जातही नाही. तथापि, एखादा शोध खरोखर नवा आहे का, हे पडताळताना परीक्षक जुने दस्तऐवज प्रामुख्याने संकेतांच्या आधारे धुंडाळतो. त्यामुळे चुकीच्या जागी ठेवलेला दस्तऐवज अस्तित्वात असूनही नसल्यासारखा होतो. संकेत देणे, तो दुरुस्त करणे आणि संपूर्ण वर्गीकरण काळानुरूप बदलणे या तिन्ही कामांना म्हणूनच महत्त्व आहे.

(या लेखात संकेतांतील रोमन अक्षरे देवनागरीत दिली आहेत.)

प्रयोजन

पेटंट मिळण्यासाठी शोध नवा असावा लागतो. अर्जाच्या तारखेपूर्वी सार्वजनिक झालेल्या माहितीला पूर्वज्ञान म्हणतात. अर्जातील शोध पूर्वज्ञानात आढळला, तर तो नवा ठरत नाही. जगातील पेटंट दस्तऐवजांची संख्या कोट्यवधींच्या घरात असल्यामुळे पूर्वज्ञानाचा धांडोळा घेण्यासाठी एखाद्या सुसूत्र मांडणीची गरज असते.

केवळ शब्दांवरून हा धांडोळा पुरा होत नाही. एक तर दस्तऐवज अनेक भाषांत असतात. दुसरे म्हणजे, आपल्या हक्काची व्याप्ती वाढावी म्हणून अर्जदार साध्या वस्तूंनाही व्यापक नावे देतात. पेनाला ‘लेखनसाधन’ आणि खिळ्याला ‘जोडणी-घटक’ म्हटलेले असू शकते. संकेत मात्र भाषेवर अवलंबून नसतो. एकाच विषयावरील जपानी, जर्मन व इंग्रजी दस्तऐवज एकाच संकेताखाली सापडतात.

ग्रंथालयातील वर्गांकाशी या संकेताचे साम्य आहे. भेद इतकाच की पुस्तकाची प्रत एकाच फडताळावर राहू शकते, तर पेटंट दस्तऐवजाला त्यातील माहितीच्या प्रमाणात कितीही संकेत देता येतात.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात अमेरिका, जर्मनी इत्यादी देशांनी आपापली पेटंट वर्गीकरणे तयार केली. त्यांची मांडणी परस्परांहून भिन्न असल्याने एका देशाच्या परीक्षकाला दुसऱ्या देशाचे दस्तऐवज धुंडाळणे अवघड जाई. ही अडचण दूर करण्यासाठी युरोप परिषदेच्या पुढाकाराने १९ डिसेंबर १९५४ रोजी एक युरोपीय करार झाला. त्यातून तयार झालेली वर्गीकरणाची पहिली आवृत्ती १ सप्टेंबर १९६८ रोजी अमलात आली.

पुढे हे वर्गीकरण युरोपपुरते न ठेवता सर्व देशांना खुले करण्यासाठी २४ मार्च १९७१ रोजी स्ट्रासबुर्ग येथे नवा करार झाला. तो ७ ऑक्टोबर १९७५ पासून लागू झाला. वर्गीकरणाचे स्वरूप केवळ प्रशासकीय राहील आणि त्याचे इंग्रजी व फ्रेंच हे दोन्ही पाठ सारखेच अधिकृत असतील, असे या करारात नमूद आहे. करारात सहभागी नसलेले अनेक देशही हे वर्गीकरण वापरतात.

दुसरी आवृत्ती १९७४ मध्ये आली. त्यानंतर १९८०, १९८५, १९९०, १९९५ आणि २००० या वर्षी, म्हणजे साधारणपणे दर पाच वर्षांनी, नवी आवृत्ती येत गेली. २००६ च्या आठव्या आवृत्तीने पद्धतीत मूलगामी बदल केले. त्या वेळी वर्गीकरणाचे मूलभूत व प्रगत असे दोन स्तर करण्यात आले होते. ते २०११ मध्ये पुन्हा एकत्र करण्यात आले.

संकेताची रचना

वर्गीकरणाचे आठ विभाग पुढीलप्रमाणे आहेत :

ए – मानवी गरजा
बी – विविध प्रक्रिया, वाहतूक
सी – रसायनशास्त्र, धातुशास्त्र
डी – वस्त्रे, कागद
ई – स्थिर बांधकामे
एफ – यांत्रिक अभियांत्रिकी, प्रकाशयोजना, तापन, शस्त्रे, स्फोटन
जी – भौतिकी
एच – विद्युत

प्रत्येक विभागाचे वर्ग, वर्गाचे उपवर्ग, उपवर्गाचे मुख्य गट आणि मुख्य गटाचे उपगट अशी उतरती श्रेणी असते. हळदीपासून तयार केलेल्या औषधाचा संकेत ए ६१ के ३६/९०६६ असा आहे. त्याची फोड पुढीलप्रमाणे होते :

ए – मानवी गरजा (विभाग)
ए ६१ – वैद्यक, पशुवैद्यक व आरोग्यरक्षण (वर्ग)
ए ६१ के – औषधी, दंतवैद्यकीय व प्रसाधनविषयक मिश्रणे (उपवर्ग)
ए ६१ के ३६/०० – शैवाल, दगडफूल, बुरशी किंवा वनस्पती यांपासून केलेली, नेमकी घडण निश्चित नसलेली औषधे (मुख्य गट)
३६/१८ – सपुष्प वनस्पती
३६/८८ – एकदल वनस्पती
३६/९०६ – आल्याचे कुल
३६/९०६६ – हळदीची प्रजाती, आंबेहळदीसह

शेवटच्या चारही नोंदी उपगटच आहेत; पण त्या एकाखाली एक येतात. कोणता उपगट कोणाच्या पोटात येतो, हे क्रमांकावरून नव्हे, तर नोंदीच्या मथळ्यापूर्वी छापलेल्या टिंबांच्या संख्येवरून कळते. ३६/१८ ला एक टिंब आहे, तर ३६/९०६६ ला चार. उपगटाचा मथळा त्याच्यावरील सर्व मथळ्यांसह वाचावा लागतो. तिरक्या रेघेनंतरचे तिसरे व चौथे अंक दशांशाप्रमाणे वाचले जातात. त्यामुळे जुने क्रमांक न बदलता मधल्या जागी नवे उपगट घालता येतात.

छापील पेटंटाच्या पहिल्या पानावर (५१) या क्रमांकापुढे हे संकेत दिलेले असतात. संकेतापुढे कंसात (२००६.०१) असे वर्ष व महिना असतात. ती नोंद त्या स्वरूपात केव्हा अमलात आली किंवा तिच्यात लक्षणीय बदल केव्हा झाला, हे त्यावरून समजते.

संकेत देण्याची प्रक्रिया

अर्ज पेटंट कार्यालयात दाखल झाल्यावर प्रथम त्याचे स्थूल वर्गीकरण होते. अर्ज कोणत्या विषयाच्या परीक्षकाकडे पाठवायचा, हे त्यावरून ठरते. अर्ज सामान्यतः अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि त्या वेळी त्यावर पूर्ण संकेत छापले जातात. पेटंट मंजूर होताना परीक्षक ते पुन्हा तपासतो. पेटंट सहकार्य करारानुसार केलेल्या आंतरराष्ट्रीय अर्जांना आंतरराष्ट्रीय तपासणी प्राधिकरण संकेत देते. कोणता संकेत लागू होतो, याचा निर्णय अर्जदाराचा नसून कार्यालयाचा असतो.

विषयाची निश्चिती

वर्गीकरण करणारा प्रथम अर्जातील दावे वाचतो. कारण हक्काची मर्यादा दाव्यांत सांगितलेली असते. त्यानंतर तो वर्णन व आकृत्या पाहतो. अर्जातील माहिती दोन प्रकारची मानली जाते. पूर्वज्ञानात भर घालणारी नवी माहिती ही ‘शोधविषयक माहिती’ होय. तिला संकेत देणे बंधनकारक असते. शोधाचा भाग नसलेली, पण पुढील तपासणीला उपयोगी पडेल अशी माहिती ही ‘अतिरिक्त माहिती’ होय. तिला संकेत देणे कार्यालयाच्या विवेकावर सोडलेले असते. पहिल्या प्रकारचे संकेत ठळक अक्षरांत आणि दुसऱ्या प्रकारचे साध्या अक्षरांत छापले जातात.

कार्य आणि उपयोग

एखादी वस्तू तिच्या अंगभूत कार्यावरून पाहायची की विशिष्ट उपयोगावरून, हा वर्गीकरणातील नेहमीचा प्रश्न आहे. कोणत्याही नळकामात वापरता येणारी झडप तिच्या कार्यानुसार एफ १६ के या उपवर्गात येते. हृदयात बसवण्याची कृत्रिम झडप मात्र ए ६१ एफ २/२४ मध्ये जाते. कारण शरीरात बसवण्याच्या दृष्टीने तिची खास रचना केलेली असते. नावातील शब्द एकच आहे एवढ्यावरून संकेत ठरत नाही. हातपंखा ए ४५ बी मध्ये छत्र्या व काठ्या यांच्या शेजारी असतो, तर विजेचा पंखा एफ ०४ डी मध्ये पंपांसोबत येतो.

एकाच पदार्थालाही उपयोगानुसार निरनिराळ्या जागा मिळतात. कडुनिंबाचे औषध ए ६१ के ३६/५८ मध्ये येते; पिकांवरील कीड वा बुरशी यांच्यासाठी केलेला कडुनिंबाचा अर्क ए ०१ एन ६५/२६ मध्ये येतो. हळद असलेले जखमेवरचे मलम ३६/९०६६ मध्ये जाते आणि त्यासोबत जखमांवरील उपचार दर्शवणारा ए ६१ पी १७/०२ हा संकेतही दिला जातो. ए ६१ पी हा उपवर्ग औषधाचा परिणाम सांगणारा असल्यामुळे त्यातील संकेत दस्तऐवजावर पहिल्या स्थानी येत नाही.

अग्रक्रमाचे नियम

एका विषयाला दोन जागा लागू होत असतील, तर कोणती निवडावी यासाठी नियम आहेत. काही उपवर्गांत यादीतील पहिली लागू जागा घ्यावी असे सांगितलेले असते, तर काहींत शेवटची. ज्या ठिकाणी असा खास नियम नसतो, तेथे सामान्य नियम चालतो. शिवाय ‘अमुक गटाला अग्रक्रम’ अशा सूचना आणि टिपा जागोजागी दिलेल्या असतात. कोठेच न बसणाऱ्या विषयांसाठी ‘अन्यत्र न आलेले’ अशा अर्थाच्या अवशिष्ट जागा राखलेल्या असतात. त्यांचा वापर इतर सर्व शक्यता पडताळून झाल्यावरच करावा, अशी अपेक्षा असते.

चुका व दुरुस्ती

संकेत देण्यात पुढील प्रकारच्या चुका होऊ शकतात :

• केवळ शीर्षक किंवा सारांश वाचून संकेत दिल्याने मूळ शोध बाजूला राहणे.
• अधिक नेमका उपगट असताना वरच्या, व्यापक गटात दस्तऐवज ठेवणे.
• अनेक पैलू असलेल्या शोधाला एकच संकेत देणे.
• अवशिष्ट जागेचा सोयीसाठी वापर करणे.
• संकेत लिहिताना एखादे अक्षर वा अंक चुकणे.

दुरुस्तीची पहिली संधी अर्ज चुकीच्या परीक्षकाकडे पोहोचतो तेव्हाच मिळते. तो परीक्षक योग्य संकेत सुचवून अर्ज संबंधित गटाकडे पाठवतो. दुसरी संधी मंजुरीच्या वेळी येते. तपासणीदरम्यान दावे अनेकदा आकुंचित होतात किंवा बदलतात. त्यामुळे प्रसिद्ध अर्जावरील आणि मंजूर पेटंटावरील संकेत वेगळे असू शकतात. याला चूक म्हणता येत नाही.

एकाच शोधासाठी अनेक देशांत केलेल्या अर्जांच्या समूहाला पेटंट कुटुंब म्हणतात. कुटुंबातील दस्तऐवजांना निरनिराळ्या कार्यालयांनी वेगवेगळे संकेत दिल्याचे आढळते. अशा विसंगतीवरूनही चूक लक्षात येते. छापलेला दस्तऐवज बदलता येत नसला, तरी विदागारातील त्याचे संकेत बदलता येतात. म्हणून जुन्या दस्तऐवजाचा सध्याचा संकेत पाहण्यासाठी छापील पानापेक्षा विदागारावर विसंबणे योग्य ठरते.

वर्गीकरणाचे पुनरीक्षण

तंत्रज्ञान वाढते तसे वर्गीकरणही बदलावे लागते. एखाद्या उपगटात इतके दस्तऐवज साठतात की त्यांतून हवा तो निवडणे अशक्य होते. कधी पूर्णपणे नवे क्षेत्र उदयाला येते. कधी दोन जागांमधील सीमारेषा अस्पष्ट असल्याचे ध्यानात येते.

बदलाचा प्रस्ताव एखादे पेटंट कार्यालय मांडते. त्यावर इतर कार्यालये लेखी अभिप्राय देतात आणि एक कार्यालय निवेदक म्हणून सुधारित मसुदे तयार करते. पुनरीक्षण कार्यगटात प्रत्येक मथळ्याच्या शब्दयोजनेवर आणि प्रत्येक टिपेवर चर्चा होते. अंतिम मान्यता सदस्य देशांच्या तज्ज्ञ समितीची असते. समितीचे निर्णय साध्या बहुमताने होतात. मात्र एखाद्या बदलामुळे वर्गीकरणाची मूळ रचना पालटेल किंवा पुनर्वर्गीकरणाचे मोठे काम उद्भवेल, असे मत देणाऱ्या देशांपैकी एक पंचमांश देशांना वाटल्यास तीन चतुर्थांश बहुमत आवश्यक असते.

अलीकडील बदलांत त्रिमितीय मुद्रणासाठी बी ३३ वाय (२०१५), आरोग्यविषयक माहिती तंत्रज्ञानासाठी जी १६ एच (२०१८) आणि यंत्र-शिक्षणासाठी जी ०६ एन २०/०० (२०१९) यांचा समावेश होतो. अर्धवाहक उपकरणांसाठी २०२३ मध्ये एच १० हा नवा वर्ग निर्माण झाला आणि एच ०१ एल या जुन्या उपवर्गातील विषय टप्प्याटप्प्याने त्यात हलवण्यात येऊ लागले.

पुनर्वर्गीकरण

नवा गट निर्माण केल्याने जुने दस्तऐवज आपोआप त्यात जात नाहीत. २००६ पूर्वी जुन्या दस्तऐवजांवर त्या-त्या काळच्या आवृत्तीचे संकेत तसेच राहत. त्यामुळे परीक्षकाला एकाच विषयासाठी अनेक आवृत्त्यांतील संकेत धुंडाळावे लागत. आठव्या आवृत्तीपासून जुन्या संग्रहालाही नवे संकेत देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले.

एखादा गट विभागला गेला की त्यातील पेटंट कुटुंबांच्या याद्या केल्या जातात आणि त्या कार्यालयांमध्ये वाटल्या जातात. परीक्षक दस्तऐवज पाहून नवा संकेत देतात. कोणता जुना गट कोणत्या नव्या गटांत गेला, हे दाखवणारी तुलनासूचीही प्रसिद्ध होते. ठरलेल्या मुदतीत ज्यांचे काम झाले नाही, असे दस्तऐवज आधी निश्चित केलेल्या एका पर्यायी गटात यंत्रणेद्वारे हलवले जातात. या उपायाने कोणताही दस्तऐवज रद्द झालेल्या संकेताखाली अडकून पडत नाही. परंतु कोणीही तो वाचलेला नसल्यामुळे नव्या संकेताची अचूकता मर्यादित राहते.

हळदीचे पेटंट आणि नवा मुख्य गट

वर्गीकरणातील बदलाचे व्यावहारिक महत्त्व वनौषधींच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीच्या वापराने जखम भरून आणण्याच्या पद्धतीबद्दल पेटंट क्र. ५४०१५०४ देण्यात आले. भारतातील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याच्या फेरतपासणीची मागणी केली. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले रघुनाथ माशेलकर हे त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत जुन्या भारतीय ग्रंथांतील उल्लेख होते, तसेच १९५३ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात नव्हे, तर इंडियन मेडिकल असोसिएशन या संघटनेच्या नियतकालिकात आलेला लेखही होता. १९९७ मध्ये अमेरिकी कार्यालयाने पेटंटातील दावे फेटाळले.

घराघरांत ठाऊक असलेली माहिती परीक्षकासमोर आली नाही, याचे मुख्य कारण ती त्याच्या हाताशी असलेल्या संग्रहात नव्हती. मात्र ती संग्रहात आणायची, तर तिच्यासाठी योग्य जागाही हवी होती. त्या काळी वनस्पतींपासून केलेली औषधे प्रामुख्याने ए ६१ के ३५/७८ या एकाच उपगटात येत. हळद, कडुनिंब, तुळस, अश्वगंधा या सर्वांची गणना ‘वनस्पतिज पदार्थ’ अशा एकाच मथळ्याखाली होत असे.

भारताने पारंपरिक ज्ञान अंकीय ग्रंथालयाचा प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्याच धर्तीवर विभाग, वर्ग, उपवर्ग, गट व उपगट असलेले ‘पारंपरिक ज्ञानसंसाधन वर्गीकरण’ तयार करण्यात आले. संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ इत्यादी भाषांतील ग्रंथांमधले योग त्यामुळे परीक्षकांना परिचित असलेल्या चौकटीत मांडता आले. ही माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या भाषांत उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनेही या विषयासाठी कृतिदल नेमले व त्यात भारताचा सहभाग होता.

या प्रयत्नांतून आठव्या आवृत्तीत, म्हणजे २००६ मध्ये, ए ६१ के ३६/०० हा स्वतंत्र मुख्य गट अस्तित्वात आला. जेथे पूर्वी मोजके उपगट होते, तेथे वनस्पतींच्या कुलांनुसार व प्रजातींनुसार सुमारे दोनशे उपगट झाले. त्यामुळे आता हळदीच्या औषधाविषयीचा अर्ज आल्यास परीक्षकाला सर्व वनस्पतिज औषधांऐवजी ३६/९०६६ खालील दस्तऐवज थेट पाहता येतात. युरोपीय पेटंट कार्यालयाला २००९ मध्ये या ग्रंथालयाचा उपयोग करण्याची मुभा मिळाली व पुढे इतर काही कार्यालयांशीही तसे करार झाले.

भारतातील वापर

भारतीय पेटंट कार्यालय हेच वर्गीकरण वापरते. या कार्यालयाचे मुख्यालय कोलकाता येथे असून मुंबई, चेन्नई व दिल्ली येथे शाखा आहेत. महानियंत्रकांचे कार्यालय मुंबईत आहे. दर शुक्रवारी प्रसिद्ध होणाऱ्या पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात प्रत्येक अर्जासोबत त्याचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण छापले जाते. एखाद्या विषयावर भारतात कोणते अर्ज आले आहेत, हे पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा उद्योजकाला त्या विषयाचा संकेत माहीत असल्यास काम सोपे होते.

भारतीय पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३ (पी) नुसार पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. हा निर्णय अर्जातील मजकुरावरून होतो, संकेतावरून नव्हे. ३६/०० या गटात येणारा अर्ज केवळ त्या कारणाने अपात्र ठरत नाही.

अन्य वर्गीकरणे

युरोपीय पेटंट कार्यालय आणि अमेरिकेचे पेटंट व व्यापारचिन्ह कार्यालय यांनी १ जानेवारी २०१३ पासून सहकारी पेटंट वर्गीकरण सुरू केले. ते आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावरच उभारलेले असून त्यात सुमारे अडीच लाख नोंदी आहेत. त्यात ‘वाय’ हा नववा विभागही आहे. हवामानबदलाला आळा घालणाऱ्या तंत्रज्ञानासाठी त्यातील वाय ०२ हा वर्ग वापरला जातो. जपानचे पेटंट कार्यालयही आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे अधिक सूक्ष्म उपविभाग करून वापरते.

मर्यादा

नवे तंत्रज्ञान आणि त्याच्यासाठीची स्वतंत्र जागा यांत काही वर्षांचे अंतर पडते. मधल्या काळातील दस्तऐवज जुन्या गटांत विखुरलेले राहतात. संकेतांवरून तंत्रज्ञानाच्या वाढीची आकडेवारी काढणाऱ्या अभ्यासकांना पुनरीक्षणांचा विचार करावा लागतो. अन्यथा गट नवा झाला म्हणून विषयही नवा, असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. अर्जाचा मजकूर वाचून संकेत सुचवणारी संगणकीय साधने उपलब्ध आहेत. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेनेही असे साधन विकसित केले आहे. परंतु अंतिम निवड परीक्षकाची असते.

जे ज्ञान कोणत्याही दस्तऐवजात उतरलेले नाही, त्याला वर्गीकरणात जागा मिळू शकत नाही, ही या पद्धतीची सर्वांत मोठी मर्यादा होय. मौखिक परंपरेतील माहिती प्रथम नोंदवली जाणे, ती परीक्षकाला वाचता येईल अशा भाषेत येणे आणि त्यानंतर तिला अचूक संकेत मिळणे, या तिन्ही पायऱ्या पूर्ण झाल्यावरच ती पूर्वज्ञान म्हणून तपासणीत उपयोगी पडते.

हे सुद्धा पहा

• पेटंट
• बौद्धिक संपदा
• जागतिक बौद्धिक संपदा संघटना
• पारंपरिक ज्ञान अंकीय ग्रंथालय
• रघुनाथ माशेलकर